पायरीचं रबर

तिकडे परदेशात, बुकित पंजांगच्या एलआरटीत, म्हणजे पुलावरून धावणाऱ्या छोट्या रेल्वेत, एक गंमत होती. गाडी इमारतींजवळून जाऊ लागली की खिडकीच्या काचा आपोआप पांढऱ्या व्हायच्या, कुणाच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. बांबूवर वाळत घातलेले कपडे बघता बघता दिसेनासे व्हायचे. त्या धुक्यात बसूनच मी रेल्वेच्या डेपोत कामाला जायचो, आणि ती वर्षं मला अजूनही तशीच धूसर आठवतात. एक दुपार सोडून.

डेपोत रोज सकाळी फिटर लोकांना सुरक्षेचे नियम वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. कुणीही पडलं, लागो न लागो, त्याच दिवशी लिहून द्यायचं, हा नियम मी पुणेरी हिंदीत, बोट वर करून सांगायचो. भारी वाटायचं मला.

त्या दुपारी धुतलेल्या गाड्या निथळत उभ्या होत्या. डब्यातून उतरताना पायरीचं रबर सरकलं आणि मी खाली. खोटं कशाला बोलू, क्षणभर छान वाटलं. वर पत्र्यावर पाण्याचे कवडसे हलत होते आणि मी कुठल्याशा तळ्याच्या तळाशी निवांत पडलो होतो. मग गुडघा ठणकला. पडल्यावर आपण सगळेच करतो तेच मी केलं, आधी कुणी पाहिलं का ते पाहिलं.

एका बांगलादेशी फिटरने पाहिलं होतं. माझ्याच वयाचा, अबोल माणूस. "सर, लगा क्या?"

"कुछ नहीं. बूट की लेस अटकी."

रोज बोट वर करणाराच आपटला, हे लिहून द्यायची मला लाज वाटली. बायकोलासुद्धा जिन्यात घसरलो म्हणून सांगितलं.

चार दिवसांनी, मी रजेवर असताना, त्याच पायरीवरून तो फिटर पडला. मनगट मोडलं. मी कामावर आलो तोवर रबर नवं बसवलेलं होतं. भरपाईचा अर्ज विमेवाल्यांनी अडवला. पायरी धडधाकट, पडताना पाहणारं कुणी नाही, मग तो कामावरच पडला कशावरून? अर्ज फेटाळला गेला असता तर त्याला मोडका हात घेऊन गावी परतावं लागलं असतं.

दोन दिवस जाता-येता गाडीत त्या पांढऱ्या काचांकडे तोंड करून बसलो. मग लिहिलं. 'त्याच पायरीवरून आधी मी पडलो होतो. रबर सुटलेलं होतं. मी लपवलं.'

त्या कागदामुळे पुढे त्याचा अर्ज मंजूर झाला. पण मला आठवतं ते दवाखान्याच्या बाकाजवळ उभं राहून त्याला तो कागद वाचून दाखवणं. लेस अटकली या माझ्या शब्दावर विसंबूनच त्याने तिथे पाय ठेवला होता. आता तो शिव्या घालेल, म्हणून मी मान खाली घालून थांबलो.

तो प्लॅस्टरचा हात सांभाळत बाजूला सरकला, मला बसायला जागा केली आणि माझ्या गुडघ्याकडे बघत म्हणाला, "मतलब उस दिन लगा था, सर?"

"हां," मी म्हणालो. "बहुत लगा था."