पांघरूण काढलं काय?

"थांबा, पहिले ताप पाहू," असं म्हणून आमच्या गल्लीतले दुरुस्तीवाले उलटा तळहात टीव्हीच्या गेमच्या डब्यावर ठेवत आणि डोळे मिटत. मग दोन्ही हात पाठीमागे बांधत आणि पुढची सगळी दुरुस्ती ज्याचा डबा त्याच्याकडूनच करून घेत.

आर्वीच्या डेपोत बसगाड्यांचं वायरिंग करून ते निवृत्त झाले होते. टीव्हीला जोडायच्या गेमची दुरुस्ती कुठे शिकले, देव जाणे. स्वतः कधी एक डाव खेळले नाहीत. पण आमच्या गल्लीत कुणाचा पडदा काळा झाला, की बोलावणं त्यांनाच जायचं. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच; नसेल तर तुमचं नशीब.

खिशातला पेचकस सहसा बाहेर निघायचाच नाही. "एक्स्टेंशन बोर्ड काढा, पिन सीधी भिंतीत लावा." "बटन दाबून धरा. सोडू नका... हां, आता सोडा." रिमोट जुळत नसेल तर त्याच्या पाठीवरच्या बारीक भोकात टाचणी खुपसायला लावत. एकदा समोरच्या वकिलांकडे नुसतं टीव्हीचं इनपुट बदललेलं निघालं. वकीलसाहेब ओशाळले, तर हे म्हणाले, "तुमची चूक नाई साहेब, टीव्हीच इसरला." आणि चहा घेऊन उठले.

मी एकदा वैतागून म्हटलं, "आवो, तुमीच करा ना! माझे हात थरथरतात."

"थरथरू द्या. मी काय तुमच्या जन्माले पुरतो काय?"

वैतागायला कारण होतं. माझा मुलगा पुण्याला. मी ठरवलेलं स्थळ त्याने मोडलं आणि आमचं बोलणं तुटलं. फोन तो आईला करायचा. फक्त रविवारी सकाळी तो तिकडून आणि मी इकडून क्रिकेटचा गेम लावायचो, कानाला हेडफोन. "बाबा, फिल्डर मांगं घ्या." "काऊन? राहू दे तिथंच." इतकंच. पण तेवढंच तर उरलं होतं.

आणि डबा ऐन डावात बंद पडायला लागला. लागोपाठ तीन रविवार. शेवटी मुलगा आईला म्हणाला, "बाबाले खेळायचं नसन तर राहू दे." हे मला फार लागलं.

तेव्हा ते आले होते. ताप पाहिला आणि हात झटकन मागे घेतला. डब्यावर बायकोने विणलेलं क्रोशाचं झाकण होतं, झालरीसकट. आमच्या घरात मिक्सरपासून रेडिओपर्यंत सगळ्यांना कपडे आहेत. खेळतानाही ते झाकण तसंच असायचं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. डब्याच्या मागच्या जाळीत कापसाच्या जिनिंगच्या हंगामात उडणारी रुई बसली होती. त्यांनी मला वायर काढायला लावली आणि कोरडा ब्रश हातात दिला. "फुकू नका, थुका जाते."

बायको खजील होऊन उभी होती. तिला म्हणाले, "वहिनी, विणकाम एक नंबर हाय. फक्त मशीन झोपली का पांघरूण द्या, उठली का काढा. लेकरावानी."

डबा सुरू झाला, मुलगाही जोडला गेला. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चित्र जाऊ द्या. पोराचा आवाज येऊन राह्यला काय?" मी नुसती मान हलवली. तेव्हापासून दर रविवारी आमच्या दारावरून जाताना ते बाहेरूनच ओरडत, "पांघरूण काढलं काय?" हेडफोनमधून ते मुलालाही ऐकू जायचं आणि तो हसायचा.

गेल्या हिवाळ्यात छातीत दुखलं म्हणून त्यांना सावंगीच्या दवाखान्यात नेलं. तिथून ते परत आले नाहीत.

पुढच्याच रविवारी डबा बंद पडला. मी सवयीने दाराकडे पाहिलं. मग उलटा तळहात डब्यावर ठेवला. वायर काढली, ब्रश घेतला. हात थरथरत होते, थरथरू दिले. जाळीतून रुई निघाली, डबा निवला, पडदा उजळला, मुलगा परत जोडला गेला.

"बाबा, कोणाले बोलावलं?" मुलाने विचारलं.

"आता कोणाले बोलावू?"

तो हळूच म्हणाला, "पांघरूण काढलं काय?"

झाकण माझ्या मांडीवर होतं.

"काढलं," मी म्हटलं. "घरी कधी येतं तू?"

बोलणं तुटल्यापासून खेळाबाहेरचा माझा तो पहिलाच प्रश्न होता. पडद्यावर बॉलर धावत निघाला होता, तो मध्येच थांबला. पलीकडे मुलाने खेळ थांबवला होता.