पुठ्ठ्यावरचा चेहरा

टीव्हीवर काय दाखवावं आणि काय कापावं, यावर आमच्या घरात वाद पेटला की सगळे बोलतात, मला मात्र बोलू देत नाहीत. घरात सेन्सॉरचं काम प्रत्यक्ष केलेला माणूस मी एकटाच, आणि ते कसं केलं हे बायकोनं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सत्तरच्या दशकात मी आसेगावकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. टीव्ही आम्ही ऐकून होतो. आमचा पडदा म्हणजे वाशीमहून आरोग्य खात्याच्या गाडीतून येणारं पांढरं कापड. शाळेपुढच्या दोन निंबांच्या मधात ते बांधत. पडद्यापुढे पुरुष बसायचे, पडद्यामागे बाया. बायांना सगळं उलटं दिसे. अक्षरं आरशातली आणि माणसं डावखुरी.

त्या संध्याकाळी बाळंतपणाचा सिनेमा होता. सरपंचांनी मला बोलावून वह्यांच्या खोक्याचा एक पुठ्ठा हातात दिला.

"मास्तर, तसलं काही आलं की मशीनच्या उजेडात हा धरा. बायाइले भेव वाटन."

"तसलं म्हणजे कसलं?"

"शिकेल माणूस तुमी. मले काय इचारून राह्यले?"

बायांमध्ये माझी बायकोही होती. पहिलटकरीण, सातवा महिना. तिची मामेबहीण बाळंतपणातच गेलेली, तेव्हापासून हिची झोप उडाली होती. "सिनेमातली ते बाई वाचते काय, एवढंच पाहाचं आहे मले," म्हणून ती आली होती. मी तिला शास्त्र सांगून मोकळा झालो होतो, की ही निसर्गाची साधी क्रिया आहे.

मशीनच्या पुढे, लोकांच्या मधोमध उभा राहून मी कामाला लागलो. डॉक्टरीण हात धुवायला बाह्या सारू लागली, झाकलं. एक पोटरी दिसली, तीही झाकली. ती कंपाउंडरची निघाली. पडद्यामागे बाया खिदळल्या.

मग खरोखरच ते आलं. घाबरून मी पुठ्ठा वर धरला. पडद्याचा वरचा भाग काळा झाला. डॉक्टरीण गेली, बाळंतिणीचं तोंड गेलं, आणि झाकायचं तेवढं नेमकं उघडं राहिलं.

"मास्तर, खाली धरा, खाली," सरपंच ओरडले.

हात हलेना. एक इवलंसं ओलं डोकं बाहेर येत होतं. चार-चार लेकरांचे बाप तिथं बसले होते. पाहत होते मात्र पहिल्यांदाच. कुणी बिडी ओढेना. पडद्यामागून एक म्हातारी म्हणाली, "पाहू द्या वो त्याइले. आमाले काय नवं आहे."

भोंग्यातून लेकराचं रडणं आलं. माझे डोळे सहज हातातल्या पुठ्ठ्याकडे गेले. पडद्यावरून घालवलेलं बाईचं तोंड मशीनच्या उजेडानं तिथं पडलं होतं. जरा पुसट, तळहाताएवढं. घामानं डबडबलेलं, आणि हळूहळू हसायला लागलेलं. एवढ्या गर्दीत ते मला एकट्यालाच दिसत होतं.

घरी जाताना बायको रागात होती.

"बाईचं तोंडच दिसू देलं नाही तुमी. वाचली काय ते?"

"वाचली."

"तुमाले काय ठाव? तिकडं तर अंधार होता."

"माह्या हातात होती," मी म्हणालो. "हासत होती."

ती थांबली. माझ्या काखेतला पुठ्ठा घेऊन तिनं उलटापालटा करून पाहिला. कोराच होता. पुढच्या आठवड्यात बाळंतपणाला माहेरी निघाली, तेव्हा लुगड्यांच्या घडीत तो तिनं नीट ठेवला.