बेंचमार्क पास, गेम नापास

“बाई, तुमचा आकडा खोटा हाय,” आप्पा फोनवर म्हणाले. “गेम अडकतोय. रविवारी टूर्नामेंट हाय. तवापर्यंत न्हाई जमलं तर समदी मशिनं दौंडला परत आणतो.”

मुलांनो, आप्पा शिरूरचे बागायतदार. त्यांनी गेमिंगची खोली काढली आणि कॉम्प्युटर दौंडच्या माझ्या दुकानातून नेले. इतका मोठा माल परत आला असता तर दुकानाला कुलूपच लागलं असतं. प्रत्येक मशीनवर मी स्वतः बेंचमार्क चालवला होता. बेंचमार्क म्हणजे ग्राफिक्स कार्डाची परीक्षा. ठरलेली अवघड दृश्यं काही मिनिटं पळवायची, शेवटी स्कोअर मिळतो. स्कोअर उत्तम होते.

शिरूरला गेले. पुन्हा बेंचमार्क लावला. स्कोअर तोच.

“बघा, आप्पा.”

“आमचं गिऱ्हाईक स्कोअर बघाया येत न्हाई, बाई. तुम्हीच खेळा.”

बसले खेळायला. शेजारी सणसवाडीच्या कारखान्यातला एक बिहारी कामगार होता. “माताजी, भागिए,” तो म्हणत राहिला. माताजी मरत राहिल्या. पण बऱ्याच वेळाने चित्रच अडखळू लागलं. माझा माणूस पळता पळता पुतळा झाला. यापुढची मरणं माझ्या नावावर नाहीत.

काही मिनिटांच्या परीक्षेत कार्ड फार तापत नाही. तासभर खेळलं की तापतं, आणि जास्त तापलं की जीव वाचवायला वेग कमी करतं. पण इतकं का तापावं?

“कॉम्प्युटरचे कॅबिनेट कुठे ठेवलेत?”

आप्पांनी टेबलाखालचं कपाट उघडलं. गरम हवा तोंडावर आली. आत प्रत्येक कॅबिनेटला सोफ्याच्या कापडाचं कव्हर, खाली झालर. पंख्यांची तोंडं बंद.

“हे काय?”

“मंडळींनी शिवलंय. नवी वस्तू, धूळ नको बसाया. ट्रॅक्टरच्या सीटचं प्लॅस्टिक तरी आमी कुठं काढलंय?”

“आणि ट्रॅक्टरच्या रेडिएटरला झालर लावलीत का?”

आप्पांनी एक झालर वर करून पाहिली. मग हळूच म्हणाले, “काढतो. पर घरात तुम्ही सांगा.”

सांगितलं. आप्पांच्या पत्नी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. कपाटाची दारं काढली, कव्हरं उतरली आणि रविवारी टूर्नामेंट कुठेही न अडकता पार पडली. झालरी आता बंद मॉनिटरांवर असतात.

तेव्हापासून स्कोअर पाहून मी मशीन पास करत नाही. गिऱ्हाइकाच्याच खोलीत बसून तासभर खेळते. तेव्हा व्हिडिओ कॉलवर आजी गेम खेळताना दिसली, तर हसू नका. ती ड्यूटीवर असते.