लाभ, दोन, तीन

महाराष्ट्रात कुठेही, कुणीही, कुणाचाही खून केला तरी त्याचा सगळ्यात मोठा धक्का बसायचा तो सांगलीत, आमच्या घरमालकांना. शहात्तर-सत्त्याहत्तर सालची गोष्ट. मी नुकताच मास्तर होऊन सांगलीत आलो होतो आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. सकाळी सातला पेपर पडला की खालून हाक यायची, "मास्तर, खाली या! जग बुडालं!" मी दात घासता घासता जिना उतरायचो. पहिले आठ दिवस खरंच काहीतरी बुडालं असेल या भीतीने, आणि पुढे चहाच्या आशेने.

घरमालक मूळचे म्हसवडचे. उभा जन्म सांगलीच्या हळदपेठेत तोलाईदार म्हणून पोती तोलण्यात गेला. काम सुटलं तरी तळहाताचा पिवळेपणा आणि तोलायची सवय काही सुटली नव्हती. पेपर उघडण्याआधी तो तळहातावर घेऊन दोनदा खालीवर करायचे आणि म्हणायचे, "आज जड हाय." मग मोजणी सुरू. आता आमच्याकडे मापं मोजणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन. सुरुवात शुभ शब्दाने व्हावी, एवढाच हेतू. पण चाळीस वर्षांत घरमालकांची जीभ अशी वळली होती, की खून मोजतानाही ती ऐकायची नाही. "बांधावरनं भावानं भावाला तोडलं. लाभ! घरात घुसून म्हातारा-म्हातारीला मारलं. दोन, तीन! काय चाललंय काय ह्ये?" आतून मालकीणबाई ओरडायच्या, "आवं, खुनाला लाभ कसलं म्हणताय? जिभंला काय हाड?" मग घरमालक स्वतःच हादरायचे, दोन्ही गालांवर चापट्या मारून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'लाभ'पासून सुरुवात करायचे.

त्या वर्षी पुण्यातल्या खुनांनी सगळ्यांचीच झोप उडवली होती. घरमालकांनी दाराला आधीच्या दोन कड्यांवर तिसरी कडी बसवली आणि भर दुपारीही ओळख पटल्याशिवाय दार उघडायचं नाही असा कायदा केला. त्याचा पहिला फटका मालकीणबाईंना बसला. नळावरून घागर घेऊन आल्या, तर आतून "कोण?" बाई म्हणाल्या, "मी." "मी कोण? कुणाची कोण?" आता नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? बाई घागर कमरेवर घेऊन उभ्याच्या उभ्या. शेवटी शेजारणीने मालकांच्या नावाचा सणसणीत पुकारा केला, तेव्हा कड्या निघाल्या. आणि एवढा जगाला भ्यालेला हा माणूस, घरात उंदीर सापडला की पिंजरा सायकलला बांधून कृष्णेच्या काठी न्यायचा आणि उंदीर झाडीत दिसेनासा होईपर्यंत कुत्री हाकत उभा राहायचा. असल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

पण त्या जूनमध्ये मी रागावलो. त्यांच्या मुलीला, सुमनला, साताऱ्याच्या अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला होता. सोमवारी हजर झाली नाही तर जागा जाणार होती. घरमालकांनी पेपरावर हात आपटून सांगितलं, "साताऱ्याला? एकटी? वसतिगृहात? पेपर वाचतीस का न्हाई? पोरगी ह्या दाराभाईर जायाची न्हाई." सुमन दोन दिवस जेवली नव्हती. शनिवारी सकाळी मी चहा बाजूला ठेवला आणि म्हणालो, "अहो, खून पूर्वीही होत असतील. तेव्हा छापून येत नव्हते, एवढंच."

"आमच्या भागात एक दाखवा, मास्तर!" ते कडाडले. "दारं उघडी टाकून निजायचो आमी. बाया आटपाडीच्या बाजाराला एकट्या चालत जायच्या. एक खून दाखवा!"

मधल्या खोलीत त्यांची म्हसवडची आत्या होती. मोतीबिंदू काढायला आलेली म्हातारी, डोळ्यांना पट्टी बांधून खाटेवर पडलेली. आम्हाला वाटायचं, ती झोपलेली असते.

"बाळू," ती आतून म्हणाली, "तुझ्या थोरल्या आत्तीचं काय झालं रं?"

"पाय घसरून हिरीत पडली. ह्ये आता मधीच काय काढलंस?"

"पाय न्हाई घसरला."

चुलीपाशी मालकीणबाईंचा हात थांबला.

"आटपाडीकडं दिली हुती तिला. मूल न्हवतं. सासूनं आन् नवऱ्यानं मारली आन् मग हिरीत टाकली. न्हाऊ घालताना वळ बघितलं मी. बा म्हणाला, पाय घसरला म्हणा, धाकटीचं लगीन व्हायचं हाय. धाकटी म्हंजी मी. पन्नास वर्सं मी बी तेच सांगत आले." म्हातारीचा आवाज जराही कापला नाही. "तवा पेपर न्हवता, बाळू. आन् ती काय भाईर गेली न्हवती. कडी लावल्याल्या घरातच मेली. तिला चार अक्षरं येत असती, तर माह्याराला एखादा कागद तरी आला असता."

मी वाद जिंकलो होतो, आणि मला तोंड लपवावंसं वाटत होतं. घरमालकांनी पेपर बाजूला सारला. रोजचे धक्के पेपरातून यायचे, ओरडून झालं की संपायचे. हा ओरडण्यातला नव्हता. सवयीने त्यांचा अंगठा करंगळीच्या पेरावर गेला. ओठ हलले. आता 'लाभ' म्हणतात की काय, या भीतीने मी जमिनीकडे पाहू लागलो.

"एक," ते म्हणाले.

मोजणीची सुरुवात 'एक'ने चाळीस वर्षांत पहिल्यांदाच केली असेल.

सोमवारी ते स्वतः सुमनला घेऊन एस.टी. स्टँडवर आले. मी ट्रंक धरली होती. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून तिच्या हातात पोस्टकार्डांचा गठ्ठा दिला. प्रत्येकावर स्वतःचा पत्ता लिहून ठेवलेला. "दर आठवड्याला एक टाक. काय बी लिव्ह. काय सुचलं न्हाई तर कोरं टाक, पर टाक."

जग तेव्हा बिघडत होतं, की आधीपासूनच बिघडलेलं होतं आणि आम्हाला नुसतं ऐकू यायला लागलं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पेपर मी आजही हातात घेऊन दोनदा खालीवर करतो. तो जडच लागतो. मग मला घरमालक आठवतात, आणि साताऱ्याहून पहिलं कार्ड आलं ती सकाळ आठवते. पेपर आणि कार्ड एकदमच आले होते. पेपर त्यांनी घडी न मोडता कोनाड्यात टाकला. कार्ड वाचायच्या आधी तळहातावर ठेवून तोललं. त्याला वजन ते काय असणार! पण हात खाली गेला, आणि डोळे भरून आलेले असताना ते आतल्या खाटेपर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "लाभ!"