मित्राचं इंजिन
टू-स्ट्रोक ऑइलचा जळका, गोडसर वास आला की मला धनकवडीतलं माझ्या मित्राच्या घराचं फाटक आठवतं. तो आपल्या जुन्या स्कूटरचं इंजिन असं बांधायचा, की दर टूरला घाटात मला मागे टाकायचा. सिलिंडरला आतून कानस कुठे मारतोस, असं विचारलं तर म्हणायचा, "तुला सांगितलं की उद्या दुकान मांडशील." तो वारल्यावर त्याच्या बायकोशी, वहिनींशी, घासाघीस करून मी ते इंजिन घेतलं, माझ्या स्कूटरला बसवलं आणि उरलेले पार्ट मागायला एका दुपारी तिच्यावरूनच त्यांच्याकडे गेलो. फाटक आधीच उघडलेलं होतं, त्याच्या स्कूटरचा आवाज आला की वहिनी उघडायच्या तसं. "आज लवकर आलात?" आतून वहिनींचा आवाज आला. बाहेर येऊन मला पाहताच त्या पांढऱ्याफटक पडल्या. "भाऊजी, बंद करा हो ते!" मी चावी काढली, तरी इंजिन चालूच. वहिनींनी सीटवर हात ठेवला. "पुरे आता," त्या म्हणाल्या, आणि ते थांबलं. घरी येऊन, आता त्याचं गुपित बघतोच, म्हणत रागारागात मी सिलिंडर उघडला. त्याला कानस लागलेलीच नव्हती. कंपनीतून आला तसाच होता. आज ते इंजिन माझ्याकडे पोत्याखाली पडून आहे. गिऱ्हाइकं चांगला भाव देतात, पण मी विकत नाही. आधी त्यानं मला सांगितलं पाहिजे.