आईचे नवस आणि घिवलीचे बोंबील

आमच्या घरी नवस आई बोलायची आणि फेडायचे आम्ही. मला गोवर आला तेव्हा तिने देवीला सांगितलं, पोर बरी होऊ दे, वर्षभर आंबा खाणार नाही. कोण खाणार नाही? तर मी. वडिलांची बदली थांबली तेव्हा त्यांची सुपारी सुटली. वडील बोईसर स्टेशनात तिकीटबाबू होते आणि स्वभावाने गरीब. "अगं, एकदा तू काहीतरी सोड की," ते म्हणायचे. आई म्हणायची, "मला सोडण्यासारखं काही आवडतच नाही, त्याला मी काय करू?"

आम्ही पाम गावात राहायचो आणि ती तिथल्याच शाळेत शिक्षिका होती. सकाळी पूजा, जप, आमचे डबे, मग शाळा. गुरुवारी कडक उपास. शाळेला उशीर आणि देवाला खाडा तिला सारखेच असह्य. घरात मासळी तर सोडाच, मासळीचा विषयही चालत नसे.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. मी पाचवीत होते. आईच्या सातवीच्या वर्गात जवळच्याच समुद्रकाठच्या घिवली गावची एक कोळ्याची मुलगी होती. हुशार, आणि आईची फार लाडकी. इतकी की मला तिचा राग यायचा. सातवीच्या फायनल परीक्षेचं केंद्र पालघरला असे आणि तिच्या आळीतली एकही मुलगी तोवर त्या परीक्षेला बसलेली नव्हती. परीक्षा आठवड्यावर आली आणि ही शाळेत येईनाशी झाली.

आई मला घेऊन घिवलीला गेली. मुलीची आई अंगणात मासळीच्या पाट्या धूत होती. तिने आम्हाला बसायला गोणपाट टाकलं आणि सरळच सांगितलं.

"बाय, पोरीला आमी नाय म्हनत नाय. पन मी बाजारात जाते, घरधनी व्हडीवर. वालत घातलेल्या मावऱ्यावर राखनीला कोन बसल? कावले नेतील सगला."

बोईसरला तेव्हा बांधकामावरचे कामगार येऊ लागले होते, बाजार वाढला होता, त्यामुळे तिलाही रोज जाणं भाग होतं. तिचं खोटं नव्हतं.

"किती दिवसांचा प्रश्न आहे? परीक्षेचे तीनच ना?" आई म्हणाली. "मी बसते."

ती बाई हसायला लागली. मग आईचा चेहरा पाहून तिने हातातली पाटी खाली ठेवली.

घरी आल्यावर आईने वडिलांना दोन गोष्टी सांगितल्या. मुलीला रोज गाडीने पालघरला न्यायचं, परत आणायचं काम त्यांचं. आणि तिने देवीला शब्द दिला होता, निकाल लागेपर्यंत चहा बंद.

"तुझा?" वडिलांनी आशेने विचारलं.

"मी चहा घेते कुठे?"

मुख्याध्यापकांकडे तिने रजेचा अर्ज दिला. खोटं लिहिणं तिला जमेना, म्हणून लिहिलं, 'विद्यार्थिनीच्या घरी निकडीचे काम'. त्यांनी विचारलं, "काम काय, बाई?" ती म्हणाली, "कावळे." त्यांनी पुढे न विचारता सही केली.

पहिल्या दिवशी आई किनाऱ्यावर बसली ती नाकाला पदर लावून, पदरात कापूर. एका हातात काठी, दुसऱ्या हातात जपमाळ. समोर बांबूंच्या दांड्यांवर बोंबील लटकलेले, खाली वाळूत जवळा पसरलेला. माझी शाळा सकाळची, म्हणून दुपारी मीही तिथे. माळ अर्ध्यावर आली की कावळा यायचा. "श्रीराम जय राम... हाड्!" मधे बोललं की जप मोडला, असा तिचाच नियम, त्यामुळे पुन्हा पहिल्या मण्यापासून. संध्याकाळपर्यंत एकही माळ पुरी झाली नाही. वडील म्हणाले, "आज देवाला रामापेक्षा 'हाड्'च जास्त ऐकू गेलं असेल." आई त्यांच्याशी जेवण होईपर्यंत बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पदर नाकावरून खाली आला. कापूर कुठेतरी पडला असावा, तिने शोधला नाही. कावळ्यांना ती आता वर्गातल्यासारखी दटावू लागली होती.

तिसऱ्या दिवशी कुत्रा आला. त्याने दांडीवरून चार बोंबील ओढले आणि धूम ठोकली. आई उठली, पदर खोचला आणि त्याच्यामागे धावली. माझ्या आईला मी तोवर कधी धावताना पाहिलं नव्हतं. कुत्र्याने घाबरून तोंडातलं टाकलं. तिने ते वाळूतून उचललं, झटकलं, परत येऊन दांडीवर नीट अडकवलं, आणि मग तिचं स्वतःच्या हातांकडे लक्ष गेलं. तो गुरुवार होता.

तेवढ्यात मुलीची आई बाजारातून आली. तिने ते पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाय, तुमाला आमी बाटवला."

आई म्हणाली, "चार होते, चारही आणले. मोजून घ्या." आणि हात धुवायला समुद्राकडे गेली. बराच वेळ तिथे पाठमोरी उभी होती. घरी आल्यावर तिने आंघोळ केली, रोजची माळ पूर्ण केली. देवाशी काय बोलली ते मला ठाऊक नाही.

तिकडे वडील तीन दिवस रजा टाकून परीक्षेच्या शाळेसमोर, नेमके चहाच्या टपरीला पाठ करून उभे राहिले होते. त्यांच्या मते खरी परीक्षा त्यांचीच झाली.

निकालाला दीड महिना लागला. मुलगी पास झाली, तीही चांगल्या गुणांनी. तिची आई चालत पामला आली, देवीसाठी नारळ घेऊन. वडिलांनी तिच्यासमोरच ओळीने तीन कप चहा घेतला.

त्याच वर्षी मी गणितात काठावर पास झाले. "माझ्यासाठी का नाही नवस बोललीस?" मी रुसून विचारलं. आई म्हणाली, "तुझ्यासाठी नवस कशाला? तुला मी आहे ना." मला तेव्हा ते उत्तर मुळीच पटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी घिवलीतून तीन मुली परीक्षेला बसल्या. मासळीवर बसायला त्यांच्या आज्यांनी पाळ्या लावल्या होत्या, पण आई एक दिवस तरीही गेली. म्हणाली, बघून येते, त्यांना जमतंय का.