सुखदेवने माझ्या गाडीला हात लावला नाही

पलसाण्याला हायवेवर स्पेअर पार्टच्या दुकानात उभा होतो. काउंटरवरचा ओळखीचा माणूस बिल फाडता फाडता सहज बोलून गेला, "तमारा दोस्त तो गुजरी गया ने? अठवाडियुं थयुं." सुखदेवला जाऊन आठवडा झाला होता आणि मला कोणी कळवलं नव्हतं. भेस्तानात त्याचं घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. सकाळी तो स्वतःच्या गॅरेजच्या शेडमध्ये दुरुस्तीला आलेल्या एका गाडीतून उतरला, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेला. हे दुकानदाराला ठाऊक, मला नाही. आधी राग आला. मग घरी परतताना वाटेत लक्षात आलं, की मला कळवावं असं त्या घरात कोणाला का वाटावं?

आमचे दोघांचे वडील नंदुरबारकडून इकडे गुजराती मुलखात मिलमध्ये कामाला आलेले. आमचं घर पुढच्या गल्लीत, त्यांची बौद्धांची वस्ती चार ओळी मागे. शाळा मात्र एकच, मराठी माध्यमाची, आणि बाकही एकच. गल्लीतल्या पोरांशी आम्ही गुजरातीत भांडायचो आणि एकमेकांशी अहिराणीत बोलायचो. पुढे दोघंही एकाच मोठ्या वर्कशॉपमध्ये लागलो. मी बारावी झालेलो, म्हणून माझ्या हातात पेन आणि गाडीचं काम लिहायचं जॉबकार्ड आलं. त्याची शाळा आठवीत सुटलेली, त्याच्या हातात पाना. त्या पेनामुळे मी त्याचा साहेब झालो. हे कधी बोलून दाखवलं नाही, पण दोघांनाही ते माहीत होतं.

गिअर केबलचं काम त्याच्याइतकं नीट करणारा माणूस मी पाहिला नाही. गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. एक दांड्याची डावी-उजवी हालचाल पोचवते, दुसरी पुढची-मागची. त्यांचं माप सूतभर चुकलं तरी गिअर अडतो, नाहीतर भलताच पडतो. बाकीचे मेकॅनिक सरळ नवीन केबल मागवायचे. सुखदेव आधी सीटवर बसायचा, दोन बोटं दांड्यावर ठेवायचा आणि काही न बोलता नुसता हलवून बघायचा. बहुतेक वेळा केबल चांगली असायची, टोकाचं प्लॅस्टिकचं बुश तेवढं झिजलेलं. ते बदलायचा, गाडी न्यूट्रलला आणायचा, केबलच्या टोकाची क्लिप सोडायचा आणि थांबायचा. "केबलले ओढानं नही भो, तिले तिनी जागा सापडू देवानी." जागा सापडली की क्लिप दाबून लॉक. मग इंजिन बंद ठेवून सगळे गिअर, इंजिन चालू करून पुन्हा सगळे, आणि शेवटी कॅनॉलपर्यंत एक फेरी. ती फेरी झाल्याशिवाय गाडी द्यायची नाही. काम अर्धं असलं की स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचा. ते फडकं वर्कशॉपमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मला तर होतंच.

दिवाळीच्या आधीचा शनिवार होता. बारडोलीचे एक शिक्षक सकाळपासून गाडीसाठी बसून होते. सुखदेव त्यांच्याच गाडीवर होता, पण शेठच्या ओळखीच्या कोणाची तरी गाडी आली आणि मीच त्याला तिकडे बोलावलं. तो फडकं बांधून गेला. अर्ध्या तासाने शिक्षक पुन्हा माझ्यासमोर उभे. मी गाडीत डोकावलो. बुश नवीन दिसत होतं, केबल जागेवर दिसत होत्या. मी फडकं सोडलं, दांड्याखालचं कव्हर बसवायला सांगितलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. एका केबलची क्लिप अजून दाबलेली नव्हती. बारडोलीपर्यंत गाडी कशीबशी गेली. घराशी पोचल्यावर, गाडी आत घ्यायला त्यांनी पहिला गिअर टाकला तो रिव्हर्स पडला. मागे त्यांची आई उभी होती, डिकीतलं सामान काढायला आलेली... म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं. जगली ती, पण पुन्हा काठीशिवाय चालली नाही.

सोमवारी शेठनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "किसने बोला गाडी रेडी है?"

मी म्हणालो, "सुखदेव बोला था, हो गया."

एवढंच. यापेक्षा जास्त खोटं मला बोलावंच लागलं नाही. शेठनी फडक्याचं विचारलं नाही, ट्रायलचं विचारलं नाही. हेच सुखदेवने माझ्याबद्दल सांगितलं असतं तर चार प्रश्न नक्की झाले असते. पण माझं आडनाव पाटील होतं आणि त्याचं नव्हतं. खोटं बोलताना हा हिशेब माझ्या मनात नव्हता, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. तो होता. सुखदेव माझ्याकडे बघत राहिला. मी आता बोलेन, मग बोलेन, अशी वाट बघत असावा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. शेवटी तो म्हणाला, "काम मैंने ही किया था, सेठ." ते खरंच होतं. दुपारी तो पान्यांची पेटी घेऊन गेला.

त्याने भेस्तानात पत्र्याची शेड टाकली. दोन-तीन महिन्यांनी मी गेलो. त्याने चहा पाजला, पोरांची चौकशी केली. मग मी जातच राहिलो. दिवाळीला, त्याच्या मुलाच्या निकालाला, भीमजयंतीला. प्रत्येक वेळी आज सांगून टाकू असं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. एकदा माझ्या स्वतःच्या गाडीचा दुसरा गिअर अडायला लागला. मी गाडी त्याच्या शेडसमोर लावली. तो फडक्याला हात पुसत बाहेर आला, गाडीकडे बघितलं आणि हसत म्हणाला, "तुनी गाडीले मी हात नही लावस, दिलीप. काही झायं तर तू काय सांगशी?" मग शेजारच्या गॅरेजवाल्याला हाक मारून त्याने माझं काम त्याच्याकडे दिलं. इतक्या वर्षांत त्या गोष्टीवर तो बोललेलं हे एकच वाक्य. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, मिटलं तरी असतं. त्याने मला तेवढीही संधी दिली नाही, आणि याचा राग मला अजून आहे... तो धरायचा मला हक्क नाही, तरी आहे.

पलसाण्याहून परतल्यावर थेट त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, शोभावहिनी, एकट्याच होत्या. मी बसलो आणि त्या शनिवारपासून सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"त्याने सांगितलं?"

"ते कशाला सांगतील? तुम्ही दर वेळी मिठाईचा पुडा घेऊन यायचे. दोस्ताच्या घरी कोणी दर वेळी मिठाई घेऊन येतं का भाऊ?"

मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय मागता? माझी नोकरी नव्हती गेली." मग उठून त्यांनी शेडची किल्ली आणली. ज्या गाडीवर तो शेवटचं काम करत होता, ती तशीच आत होती. तिची मालकीण, दवाखान्यात नर्स असलेली मुलगी, रोज विचारायला येत होती आणि त्या दिवशीही येणार होती. "तुम्हाला त्यातलं कळतं. तेवढं बघा."

शेडमध्ये त्याचे पाने मापाप्रमाणे टांगलेले होते. गाडीच्या दांड्याखालचं कव्हर उघडं होतं. मी त्याच्या जागेवर बसलो, इंजिन बंदच ठेवून दांड्यावर बोटं ठेवली. पहिला पडला, दुसरा पडला, रिव्हर्स पडला. सगळं ठीक वाटत होतं. पण वर्षानुवर्षं जॉबकार्ड भरणाऱ्या माझ्या बोटांना ठीक असणं आणि ठीक वाटणं यातला फरक कधी कळलाच नव्हता.

ती मुलगी आली. "अंकल, ले जाऊं?"

"नको," मी म्हणालो. "काम पूर्ण झालंय की नाही मला सांगता येत नाही. दुसऱ्या मेकॅनिकला इथे बोलाव, तो बघेल, मग ने."

ती बरं म्हणून फोन लावायला बाहेर गेली. कोणी ओरडलं नाही, कोणाची नोकरी गेली नाही. मी सीटवर बसून राहिलो. ती त्याच्या उंचीच्या मापाने मागे सरकवलेली होती, आणि माझे पाय क्लचपर्यंत पोचत नव्हते.